दुपारी भिजणारी भिंत

१

गुरुवारी सकाळी बायकांनी कापडाची वरची घडी उलगडली, तेव्हा आधी वास आला आणि मग डाग दिसले.

वास ओल्या पोत्याचा होता. डाग सुरुवातीला राखाडी, पुढे हिरवट आणि भिंतीकडच्या कडेला चक्क काळे, मखमलीसारखे. टोंगातल्या मोतुहिफो बेटावरच्या अठरा बायकांनी दोन वर्षं तुतीची साल ठोकून, पट्टीला पट्टी चिकटवून, रंगवून ते पन्नास पट्ट्यांचं कापड तयार केलं होतं. चर्चच्या शंभराव्या वाढदिवसाला ते अंथरायचं होतं आणि दिवस उरले होते दहा.

कुणी ओरडलं नाही. एकेक करत सगळ्यांची नजर अकनेसीकडे वळली. कापड ठेवायच्या कोठीची किल्ली अकरा वर्षं तिच्या गळ्यातल्या दोरीला होती.

"मी खिडकी उघडी नाही टाकली," अकनेसी म्हणाली. तिला अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

दुपारपर्यंत गावप्रमुख पौलिआसीने निकाल देऊन टाकला. परवाच्या पावसात म्हातारीने खिडकी बंद केली नसणार, दुसरं काय? किल्ली काढून घेतली गेली. सोमवारी बायकांची बैठक बसणार होती आणि त्यात अकनेसीचं नाव मंडळातून कापलं जाणार, हे बैठकीआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. नाव कापलं म्हणजे कापडामागून चालायचं नाही, लग्नाच्या चटईला हात लावायचा नाही, मयताच्या घरी पुढे बसायचं नाही. विधवा बाईला मग उरतं काय?

त्या दिवशी अकनेसीच्या घरातून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पाद्री सिओसायाने मात्र राजधानीला फोन लावला. कोठीची इमारत वादळात गावाचा आसरा होती. ती निर्दोष आहे असा सरकारी कागद त्याला हवा होता. कागद आला की दोष माणसाचाच ठरणार होता.

२

शुक्रवारच्या बोटीने बांधकाम खात्याची, लोसालीने नावाची तपासनीस बाई आली. वय बावन्न, अंगाने थोराड, कमरेला इथल्या रीतीप्रमाणे कामावर बांधायची साधी चटई, हातात हत्यारांची पेटी. बोटीत तिला क्षणभर चैन पडली नव्हती. ती इमारत चाळीस वर्षांपूर्वी तिच्या बापाने बांधली होती.

बाप गवंडी म्हणून नावाजलेला, पण त्या काळी बेटावर धुतलेली वाळू मिळायची कुठे? कुणी कुणी समुद्राची खारी वाळूच कालवून मोकळे व्हायचे. तशी भिंत जन्मभर ओल धरते. 'तू नाही ना केलंस तसं?' असं तिने बापाला कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारायला बाप नव्हता.

धक्क्यावर पौलिआसी हजर होता, गोल पोटाचा, हसऱ्या डोळ्यांचा. शेजारी मच्छीमार लुपेती दोर गुंडाळत बसला होता.

"या, साहेबबाई!" पौलिआसी म्हणाला. "आमच्या बेटावरची माणसं आळशी. म्हणून घाम गाळायला शेवटी भिंतीलाच लावलं."

"तू गाळ ना थोडा," लुपेती म्हणाला. "पोट तरी उतरेल."

"पोट कुणाचं काढतोस? तुझ्या लग्नाच्या रात्रीची गोष्ट सांगू का बाईंना? काय झालं बाई, हा गडी आत गेला आणि—"

तेवढ्यात लुपेतीची बहीण केळ्यांची टोपली घेऊन समोरून आली. पौलिआसीने वाक्य तिथेच गिळलं. लुपेती दोराच्या गाठीत डोकं घालून बसला आणि ती पार दिसेनाशी होईपर्यंत दोघे देवळात उभे असावेत तसे गप्प राहिले. लोसालीनेला त्यात काही नवल वाटलं नाही. बहिणीच्या कानावर वावगा शब्द पडू द्यायचा नाही आणि ती निजते त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. तिचा स्वतःचा भाऊ, ती तापाने फणफणली असताना, औषधाची बाटली बाहेरून काठीने आत सरकवत असे.

"भिंत कुठली भिजलीय?" तिने विचारलं.

"खिडकीकडची असणार," पौलिआसी म्हणाला. "अजून कुठली भिजेल?"

पण कोठीत पाऊल टाकल्याबरोबर लोसालीनेला दिसलं की खिडकीची भिंत हाडासारखी कोरडी होती.

३

भिजली होती ती मधली भिंत.

इमारत लांबट होती आणि एकाच भिंतीने तिचे दोन भाग झाले होते. पूर्वेला बायकांची कोठी, पश्चिमेला कधीकाळचं सहकारी दुकान. ते सात वर्षांपासून कुलूपबंद होतं आणि जागा पौलिआसीच्या घराण्याची होती. म्हणजे ही भिंत ना पावसात होती, ना वाऱ्यात. तिच्या एका बाजूला खोली आणि दुसऱ्या बाजूलाही खोली. ती भिजेल कशी?

दुपारचे तीन वाजले होते. हवा इतकी जड की पान हलत नव्हतं. भिंतीवर बारीक थेंब होते, रंगावरून ओघळत होते. लोसालीनेने वर पाहिलं. छताला लागून हातभर भाग कोरडा होता. खाली वाकली, तर जमिनीलगतची वीतभर पट्टीही कोरडी. मधला भाग तेवढा ओला होता.

तिने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं, तर दोष बापाचा.

पाणी गोडं होतं.

मिठाचा कण नाही, गिलाव्याला पांढरी फुलं नाहीत. खारी वाळू नव्हती. बापाने वाळू धुतली होती, बादली बादली पाणी डोक्यावरून आणून. लोसालीने क्षणभर भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. ब्लाऊज मागून ओला झाला, थंडगार.

थंडगार?

तिने वळून पालथा हात भिंतीवर ठेवला. मग पेटीतून पारदर्शक प्लास्टिकचे दोन चौकोन काढले, ते भिंतीवर ठेवून चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद केले.

"हे कशाला?" दारातून पौलिआसीने विचारलं.

"भिंतीची साक्ष घेतेय. पाणी भिंतीतून येत असेल, तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला साचेल. खोलीतल्या हवेतून येत असेल, तर बाहेरच्या बाजूला."

"आणि भिंत खोटं बोलली तर?"

"भिंती खोटं बोलत नाहीत, गावप्रमुख."

पौलिआसी हसला, पण नेहमीसारखा पोट हलवून नाही.

कुठूनतरी बारीक, एकसुरी गुणगुण येत होती. लोसालीनेला वाटलं, चर्चच्या टाकीचा पंप असेल. तासाभराने तिने प्लास्टिकवर बोट फिरवलं. बाहेरची बाजू ओलीचिंब. एक चौकोन सोलून पाहिला, तर खाली कोरडं ठणठणीत.

भिंतीतून पाणी येतच नव्हतं. थंड लोट्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं त्या भिंतीला सुटत होतं.

४

शनिवारी सकाळी सातला ती पुन्हा गेली, तर भिंत कोरडी होती. तिथून ती तडक अकनेसीकडे गेली.

म्हातारी पायरीवर बसली होती. शेजारी कुणीतरी आणून ठेवलेलं तारोच्या, म्हणजे अळूच्या, पानातलं मटण पानातच सुकलं होतं.

"जेवा, मावशी."

"घास फिरतो तोंडात. तू लिही बाई तुझा कागद. इमारत चांगली आहे, बाई वाईट आहे, असं."

"कापड भिंतीला टेकवून तुम्हीच ठेवलं होतं?"

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. "मी? जमिनीपासून चार बोटं वर फळ्या आणि भिंतीपासून हातभर लांब, हे मला माझ्या सासूने शिकवलंय. जानेवारीत पुरुषांनी समारंभाच्या खुर्च्या आणून कोंबल्या आणि गठ्ठा रेटला भिंतीपर्यंत. मी एकटी तो हलवणार कशी? पौलिआसीला म्हटलं, तर म्हणाला, मावशी, भिंत काय चावते का?"

"भिंत ओली कधीपासून दिसायला लागली?"

"दुपारी हात लावला की गार लागायचं. मला वाटलं, माझंच अंग तापलंय." तिने आवाज खाली आणला. "एक सांगू? रविवारी कमी असायचं. मी म्हणायचे, देवाच्या दिवशी भिंतसुद्धा काम करत नाही."

लोसालीनेने ते मनात नोंदवून ठेवलं.

पाद्री सिओसायाने तिला स्वतः छतावर चढू दिलं. तो घाबरला होता, कारण गेल्या वर्षीचे पत्रे त्याच्या मेव्हण्याने ठोकले होते. पत्र्यांना दोन भोकं निघाली, पण दोन्ही खिडकीच्या टोकाला.

"म्हणजे माझा दोष नाही?" तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे... चर्चचा म्हणायचं होतं मला."

"जुन्या दुकानाची किल्ली तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे? पौलिआसीकडे आहे."

पौलिआसीला विचारलं तर तो म्हणाला, "पाद्रीबाबांकडे असेल की. आत काही नाही हो. उंदीर आहेत, तेही उपाशी."

लुपेतीची पावसाच्या पाण्याची टाकी कोठीला खेटून होती. गावात अर्धे लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते.

"टाकी गळते, मान्य," लुपेती तिरसटपणे म्हणाला. "पण गळते ती उत्तरेला. पाणी वळण घेऊन मधल्या भिंतीत शिरतं का? आणि लोक म्हणतात मी जुन्या दुकानात बर्फ ठेवतो. माझा बर्फ बोटीने येतो आणि बोटीवरच वितळतो. माझ्याकडे थंडी असती, तर मी मासे असे मातीमोल विकले असते?"

"भिंत थंड आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्खं गाव सांगतंय. तुम्ही भिंतीला हात लावून उभ्या राहता, हे काय लपतं?"

ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली. गुणगुण पुन्हा सुरू झाली होती. "तुमच्या चर्चचा तो पंप तरी बंद करा दुपारचा. डोकं उठतं."

लुपेतीने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

"कुठला पंप? चर्चचा पंप नाताळातच जळलाय, बाई."

५

रविवारी सकाळी आभाळ फुटलं. चर्चच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की पाद्रीचं प्रवचन ओठांवरूनच समजून घ्यावं लागत होतं.

प्रार्थनेला सगळे जमल्यावर शेवटी तोकिलुपे-आत्या आली. पौलिआसीची ती थोरली बहीण, घराण्यातली सर्वांत मानाची बाई. ती आली तशी माणसं बाजूला सरली आणि भावाने मान खाली घातली. पुढच्या रविवारी समारंभात कापडाच्या टोकाशी तीच उभी राहणार होती. गेल्या वर्षी ऑकलंडहून परत आल्यापासून ती कुणाकडे जात नसे. छातीचं दुखणं आहे, दिवसा पडदे ओढून आपल्या घरात निजून असते, असं लोक सांगत. घर जुन्या दुकानाच्या मागेच होतं, केळींच्या आड. लोसालीनेला दिसली ती तिची ताठ मान, आणि बाहेर पडताना प्रत्येक बाकाच्या कडेवर टेकत जाणारा तिचा हात.

प्रार्थना संपली तेव्हा एक वाजला होता. रविवारी इथे कुणी खिळाही ठोकत नाही, पण बघण्याला काम म्हणत नाहीत, अशी लोसालीनेने स्वतःची समजूत घातली आणि कोठीचं दार ढकललं. आठवड्यातला सगळ्यात मोठा पाऊस पडून गेला होता आणि भिंत कोरडी होती. तीन वाजता तिने पुन्हा डोकावलं, तर थेंब सुटायला लागले होते.

त्या संध्याकाळी पाद्रीच्या ओसरीवर तिच्यापुढे गरम कोको निवून गेला. ती उठत होती, बसत होती. पाद्रीच्या बायकोने शेवटी विचारलंच, "बाई, मुंग्या आहेत का खुर्चीत?"

मुंग्या डोक्यात होत्या. पलीकडे कुणीतरी थंडी तयार करत होतं, यंत्राने. बर्फ, मासे, मांस? पण भिंत सकाळी कोरडी असते, म्हणजे थंडी रात्री बंद असते. गावात वीज तर चोवीस तास आहे. मग मासे ठेवणारा रात्री यंत्र बंद कशाला करेल? सकाळी त्याच्या हाती सडका मालच येईल. दिवसा ऊन असताना हवी, रात्री नको, आणि रविवारी प्रार्थना उरकून घरी आल्यावरच हवी, अशी थंडी कुठल्याच मालाला लागत नाही.

ती माणसाला लागते.

लोसालीने ताडकन उभी राहिली. कोको सांडला.

६

सोमवारी सकाळी दहाला तिने पौलिआसीला जुन्या दुकानासमोर गाठलं. वाटभर तो बोलत होता. पाद्रीच्या मेव्हण्याची नक्कल झाली, लुपेतीच्या होडीवर एक चावट कोटी झाली. दुकान दहा पावलांवर आलं तसा त्याचा आवाज खाली गेला. दाराशी आल्यावर तो पूर्ण गप्प झाला. त्याने खांद्यावर टाकलेला सदरा अंगात घातला आणि गुंड्या लावल्या.

"किल्ली," लोसालीने म्हणाली.

"सापडत नाही हो." तो कुजबुजत होता.

"चला, दार ढकलून बघू. तुमचंच दुकान आहे. तुम्ही पुढे व्हा."

पौलिआसी हलला नाही. दाराकडे त्याची पाठ होती आणि कपाळावरून घाम वाहत होता. अख्ख्या बेटावर कुणाच्याही घरात न विचारता शिरणारा, मयताच्या घरीसुद्धा विनोद करणारा हा माणूस आपल्याच रिकाम्या दुकानासमोर गुंड्या लावून, आवाज दाबून उभा होता. टोंगातला पुरुष असा उभा राहतो तो एकाच दारासमोर.

"आत तुमची बहीण निजलीय," लोसालीने हळूच म्हणाली.

त्याने डोळे मिटले.

"तुम्ही यंत्र बसवून दिलंत, पण बसवल्यापासून तुम्ही आत पाऊल टाकलेलं नाही. आणि गुरुवारी भिंत पाहिल्यापाहिल्या तुम्हाला सगळं कळलं होतं. तरी म्हातारीचा बळी दिलात."

"मी काय करायचं होतं?" त्याचा आवाज फाटला. "एका बाजूला बहीण होती, बाई. दुसऱ्या बाजूला कुणीही असतं, तरी मी—"

"कुणीही नव्हतं. अकनेसी होती. पाच दिवस जेवलेली नाही ती."

ती इमारतीला वळसा घालून केळींच्या आड गेली. तिथे पानांनी झाकलेली, गुणगुणणारी पांढरी पेटी होती आणि शेजारी मागचं दार. तिने टकटक केली.

"ये," आतून आवाज आला. "ही पावलं पौलिआसीची नाहीत आणि जेवण आणणाऱ्या पोरीचीही नाहीत."

आत गारवा होता, अंगावर शहारा आणणारा. तोकिलुपे-आत्या पलंगावर होती, पाय उशीवर, यंत्राचा झोत थेट त्या मधल्या भिंतीवर. लोसालीने दारातच खाली बसली, मानाच्या बाईपुढे बसतात तशी.

"ऑकलंडच्या डॉक्टरांनी नाव दिलंय, नसांचा आजार आहे," आत्या म्हणाली. "अंग तापलं की पाय माझे राहत नाहीत. डोळ्यांपुढे धुकं येतं. गारव्यात तासन्‌तास बरी असते. तू हे कुणाला सांगू नकोस."

"छातीचं दुखणं सांगता, मग हे का नाही?"

"माझ्या आईचे पाय असेच गेले होते. गावाला कळलं की म्हणतील, तिच्या थडग्यात झाडाचं मूळ हाडात शिरलंय, म्हणून लेकीला त्रास होतो. उकरा म्हणतील. माझ्या मावशीचं उकरलं होतं. मी सात वर्षांची होते, कडेला उभी होते." तिने ओठ घट्ट मिटले. "आईला नाही उकरू द्यायची मला."

लोसालीनेने भिंतीकडे पाहिलं. इकडून ती कोरडी, गुळगुळीत, निरागस होती.

"आत्या, ही भिंत पलीकडून रडते. अकनेसीचं कापड त्यानेच कुजलं."

आत्याने उशीवरचे पाय हातांनी उचलून खाली ठेवले.

"मला सांगितलं होतं, खिडकी उघडी राहिली म्हणून," ती म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

दूर सभागृहाची घंटा वाजली. बैठक सुरू होत होती.

७

सभागृहात बायका ओळीने बसल्या होत्या आणि अकनेसी एकटी, समोर. पुरुष भिंतीकडेला होते. पाद्रीने लोसालीनेला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पाऊस नव्हे, कारण सगळ्यात मोठ्या पावसात भिंत कोरडी होती. छप्पर नव्हे, टाकी नव्हे. वाळूही नव्हे, हे सांगताना तिचा आवाज जरा चढला. खिडकी तर नव्हेच. खिडकी उघडी राहिली असती, तर आधी खिडकीची भिंत भिजली असती आणि पावसातच भिजली असती.

"भिंत पलीकडून थंड केली जाते. आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली असते. ती थंड भिंतीला लागली की पाणी सोडते. गठ्ठा भिंतीला टेकलेला, म्हणून ते कापडात मुरलं. अकनेसीमावशीने तो हातभर लांबच ठेवला होता, तो रेटला पुरुषांनी. तिचा काडीचा दोष नाही."

"मग थंड कोण करतं?" मागून एक बाई म्हणाली.

 लोसालीनेने आत्याला शब्द दिला नव्हता, पण तिचं तोंडही उघडत नव्हतं.

"लुपेती!" कुणीतरी ओरडलं. "बर्फ ठेवतो तो तिथे!" एकदम कल्ला झाला. लुपेती उठला, मुठी वळल्या होत्या. "दाखवा बर्फ! एक खडा दाखवा!"

सगळे पौलिआसीकडे बघू लागले. जागा त्याची होती. त्याने घसा खाकरला, एकदा, दोनदा.

"म्हणजे... लुपेतीचं एखादं खोकं कधीमधी मी ठेवू दिलं असेल—"

"पौलिआसी."

आवाज मोठा नव्हता, दारातून आला. पौलिआसीचं तोंड जागच्या जागी बंद झालं.

दारात तोकिलुपे-आत्या उभी होती. बाहेर बाराचं ऊन होतं आणि त्या उन्हातून ती एकटी, काठी न घेता चालत आली होती. एका हाताने तिने चौकट घट्ट धरली होती.

"आता मी माझ्या शरीराविषयी बोलणार आहे," ती म्हणाली. "भावाने ते ऐकू नये."

पौलिआसी उठला. खाली मान घालून, कडेकडेने, तिच्यापासून जमेल तितकं लांब राहून बाहेर गेला आणि मैदानात रणरणत्या उन्हात, सभागृहाकडे पाठ करून उभा राहिला.

तिने सगळं सांगितलं. पाय, डोळे, यंत्र, भिंत. आईचं नावही सांगितलं. मग ती ओळींच्या मधून चालायला लागली. प्रत्येक पावलाला बायकांचा श्वास अडकत होता. अकनेसीसमोर येऊन ती खाली बसली, म्हणजे कोसळलीच. कमरेची चटई सोडून तिने डोक्यावर ओढून घेतली आणि मान खाली घातली.

क्षमा मागायची हीच रीत. पण मानाची बाई अशी बसलेली या गावाने कधी पाहिली नव्हती. तिच्यापेक्षा उंच कुणी बसायचं नाही, म्हणून बायका अंग चोरून जमिनीला टेकल्या.

माफी दिली म्हणून ती चटई उचलायची अकनेसीने. ती उचलेना. बायकांच्या हातातले विणलेले पंखे थांबले. पाद्री काहीतरी पुटपुटला.  चटई उचलली नाही, तर?

अकनेसीने चटई उचलली, घडी केली, बाजूला ठेवली.

"ऊठ आता," ती म्हणाली.

तोकिलुपेने दोन्ही हात जमिनीवर रोवले. खांदे हलले, पण पाय हलले नाहीत. पुन्हा एकदा प्रयत्न झाला. घामाने तिचा चेहरा निथळत होता, आणि आता सगळ्यांना दिसत होतं.

"तुला उठता येत नाहीये," अकनेसी म्हणाली.

"नाही."

"मग मी सरकते." आणि म्हातारी बसल्या जागेवरून सरकत सरकत तिच्या शेजारी गेली, खांद्याला खांदा लावून बसली आणि बायकांवर खेकसली, "बघता काय? पंखे घ्या! तिला उकडतंय!"

सहा पंखे एकदम हलायला लागले. पाठीमागून एका वयस्क बाईने चाचरत विषय काढला, की थडगं एकदा बघायला...

"तिच्या आईच्या बाजूलाच माझा नवरा निजलाय," अकनेसीने मान न वळवता सांगितलं. "कुदळ घेऊन येणाऱ्याने आधी माझ्याकडे यावं."

परत कुणी विषय काढला नाही.

दुपारी बायकांनी कापड मैदानात उलगडलं. नऊ पट्ट्या कापून टाकाव्या लागल्या, एकेचाळीस वाचल्या. कापताना एकदोघी रडल्या. लोसालीनेने पुरुषांना कामाला लावलं. खुर्च्या बाहेर काढल्या, थर्माकोलचे जाड तक्ते कोठीच्या बाजूने भिंतीवर बसवले, वरून प्लास्टिक, फट एक ठेवायची नाही. "दमट हवा थंड भिंतीला शिवलीच नाही पाहिजे. थंडी आत्यांकडेच राहू दे. यंत्राचा झोत पलंगाकडे वळवा आणि जरा कमी गार ठेवा." लुपेतीने सर्वांत जास्त तक्ते वाहिले, न बोलता. पौलिआसीकडे मात्र त्याने ढुंकून पाहिलं नाही.

८

मंगळवारी सकाळी बोटीला अवकाश होता. पेटी हातात घेऊन लोसालीने अकनेसीचा निरोप घ्यायला निघाली. झोप झाली नव्हती. तिने कागदावर इमारत निर्दोष असं लिहिलं होतं, आणि तेवढ्याने मन शांत होत नव्हतं.

अकनेसीच्या अंगणात पौलिआसी जमिनीवर बसला होता, फाटकी चटई गुंडाळून, मान खाली. शेजारी दोरीला बांधलेलं मोठं डुक्कर, कंदांची टोपली आणि मानाचं पेय करायच्या कावाच्या मुळांची जुडी. उजाडल्यापासून तो तिथे होता, असं शेजारीण कुजबुजली.

घरातून धूर निघत होता. अकनेसी पायरीवर आली, हातात गरम तारोची थाळी घेऊन. तिने पौलिआसीकडे पाहिलं, मग डुकराकडे, आणि डुकराकडे जरा जास्त वेळ.

"चांगलं पोसलंयस," ती म्हणाली.

"मावशी, मी—"

"डुक्कर ठेव. कंदही ठेव."

"माफी—"

"माफीला उद्या ये. हात हलवत ये, काही आणू नकोस. आणि लुपेतीकडे आधी जाऊन ये." तिने थाळी लोसालीनेच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या शेजारी पायरीवर टेकली. "मी आज जेवणारेय. बस गं पोरी, बोट थांबेल."

बोटीने भोंगा दिला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. अकनेसीने तारोचा पहिला तुकडा मोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला.